आपापली माती

आमचं पहिलं टोमॅटोचं झाड मेलं तेव्हा ते हिरवंगार होतं. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे ज्याने त्याने मला "पाणी कमी पडलं असेल" हेच ऐकवलं. पाणी कमी पडलेलं झाड आधी पिवळं पडतं, पानं गाळतं, माणसाला सावरायला वेळ देतं. हे झाड सकाळी तरतरीत होतं आणि दुपारी मान टाकून उभं होतं. पानं हिरवी, खोड हिरवं, फक्त जीव गेलेला. साहेबाने सगळ्यांसमोर झापलेला कारकून दिसतो तसं. संध्याकाळी जरा सावरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मान टाकली ती कायमची. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं.

मी वीजमीटर तपासणारा माणूस. एखादी वस्तू बंद पडली की ती का पडली हे कळेपर्यंत मला जेवण जात नाही. आणि ज्यांना कारण कळून घ्यायचं नसतं, पण सल्ला मात्र द्यायचाच असतो, अशा लोकांचा मला मनापासून राग येतो. आमच्या सोसायटीत असे लोक मजल्यागणिक आहेत.

इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून एक लांबट पट्टा आहे. बांधणाऱ्याला त्यात काहीच बांधता आलं नाही म्हणून त्याने त्याला 'बाग' म्हटलं आणि तो पसार झाला. त्यात सहा वाफे. पहिला निवृत्त पोस्टमास्तरांचा, त्यात वांगी. दुसरा भूल देणाऱ्या डॉक्टरांचा, त्यात मिरच्या. तिसरा आमचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, त्यात टोमॅटो. चौथा बँकवाल्या ताईंचा, त्यात कांदा. पाचवा गाणं शिकवणाऱ्या बाईंचा, त्यात घेवडा. सहावा सोसायटीच्या अध्यक्षांचा. त्यात एक गंजलेली सायकल आहे. ती इतक्या वर्षांत उगवलेली नाही.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या. विचारलं तर बोलायच्या, नाहीतर नाही. टीव्ही लावला की "कशाला वीज जाळता," बंद केला की "घर कसं ओकंबोकं वाटतं." मग एकदा बायकोने त्यांना मागचा आमचा ओसाड वाफा दाखवला आणि बाई बदलल्याच. स्वयंपाकघरातली चाळणी नेऊन त्यांनी माती चाळली. ती चाळणी पुन्हा पिठाला वापरायची की नाही यावरून घरात दोन पक्ष पडले, ते अजून आहेत. एकेक खडा वेचला. त्या मातीवर जेवढी माया केली तेवढी माझ्यावर केली असती तर मी आज खातेप्रमुख असतो. जिना उतरताना गुडघ्यांच्या नावाने शंख करायच्या, पण उतरायच्या. खाली गेलं की मला हाक, "जावईबापू, झारी आणा! नुसते उभे काय राहता विजेच्या खांबासारखे?" आमच्या दोघांत झालेलं हे सगळ्यात प्रेमळ बोलणं.

झाडं मरायला लागली तशा त्या पुन्हा आत, भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या. मी रोगाच्या मागे लागलो तो यासाठी. नाहीतर टोमॅटो काय, बाजारात मिळतो.

सल्ल्यांना तर तोटा नव्हताच. पोस्टमास्तर म्हणाले, "तुम्ही पाणी फार वरून घालता. पाणी कसं, पाकिटावर तिकीट लावावं तसं अलगद." त्यांची स्वतःची वांगी त्याच आठवड्यात मान टाकत होती, पण आपल्याकडे मेलेलं ते 'हवामानामुळे' आणि दुसऱ्याकडे मेलेलं ते 'हलगर्जीपणामुळे' असा त्यांचा हिशोब. गाणाऱ्या बाईंनी झाडांशी पहाटे बोलायला सांगितलं. मी बोललो. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर मिरचीच्या मेलेल्या रोपाकडे बघत म्हणाले, "वेदना झाल्या नसतील." आणि बँकवाल्या ताई कांद्याच्या हिरव्या पातींमध्ये उभं राहून, नाजूक हसून म्हणाल्या, "आमच्या कांद्याला बाई कधी काही होत नाही. नीट लक्ष द्यावं लागतं."

सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं.

मग मी वाचायला लागलो. माझं शिक्षण बेताचं, पण वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. वाचता वाचता कळलं की हा मर रोग असावा. मातीत एक जिवाणू असतो, तो मुळांतून झाडात शिरतो आणि आतल्या पाण्याच्या नळ्या तुंबवतो. वरून कितीही पाणी ओता, झाड तहानेनेच मरतं. खात्री करायची तर मेलेल्या झाडाचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवायचं. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला, तर समजायचं, तोच तो.

मी ग्लास भरला, खोड लटकवलं, डोळे लावून बसलो. आणि खरंच, एक पांढुरका धागा हळूहळू पाण्यात उतरला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. "सापडला!" असं ओरडत मी खोड उचलून सासूबाईंना दाखवायला आत धावलो. ग्लास टेबलावरच राहिला.

नेमके तेव्हा अध्यक्ष देखभालीच्या वर्गणीबद्दल बोलायला आले. बायकोने बसवलं. अध्यक्षांना तहान लागलेली, समोर भरलेला ग्लास. मी बाहेर आलो तोवर अर्धा ग्लास रिकामा.

"जरा गढूळ येतंय पाणी तुमच्याकडे," ते म्हणाले. "फिल्टर बदला."

मी गप्प बसायला हवं होतं. पण शोध लागलेला माणूस गप्प बसत नसतो. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, धाग्यासकट. हा जिवाणू माणसाला काही करत नाही हेही सांगितलं, पण तोवर ते जिन्यात पोहोचले होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते स्वतःची मान ताठ आहे का हे जिन्याखालच्या स्कूटरच्या आरशात तपासताना दिसायचे.

पुरावा पक्का हवा म्हणून मी वाफ्यातली माती पिशवीत भरून माती तपासणीच्या सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "क्षेत्र किती?"

"एक वाफा."

"एकरात सांगा."

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि दशांश चिन्हापुढचे शून्य सांगायला सुरुवात केली.

"थांबा, थांबा. एवढे शून्य रकान्यात बसत नाहीत. शेतकरी आहात?"

"नाही. वीजमीटर तपासतो."

"मग मीटर तपासा की!" आणि त्याने खिडकी लावून घेतली. पिशवी मात्र आतच राहिली.

पुढच्या आठवड्यात पिशवी मागायला गेलो तर ती सापडेना. शोधाशोध झाली. शेवटी कळलं की शिपायाने ती चांगली चाळलेली माती बघून साहेबांच्या खिडकीतल्या कुंडीत ओतली होती. कुंडीत साहेबांची लाडकी मिरची होती. होती म्हणजे आता मान टाकून उभी होती.

"झाली तपासणी," मी म्हणालो. "निकाल द्या."

साहेब भला माणूस निघाला. मेलेल्या मिरचीकडे बघत, जड आवाजात त्याने सगळं सांगितलं. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली. या जिवाणूला सगळ्यात जास्त हेच कूळ आवडतं. एकाच जागी दरवर्षी तेच लावलं की त्याची पंगत उठतच नाही. तेव्हा पिकांची फेरपालट करा. त्या मातीत तीन-चार वर्षं कांदा, मका, घेवडा, कोबी असं दुसऱ्या कुळाचं लावा. जिवाणूला उपाशी ठेवा. "आणि एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "खुरपं, फावडं धुऊन घेत चला, आणि ही माती इकडची तिकडे अजिबात करू नका. रोग मातीबरोबर चालतो. बघा, माझ्या खिडकीपर्यंत चालत आला."

हे शेवटचं, मातीबद्दलचं बोलणं लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं. उपयोग झाला नाही, ते सोडा.

त्यानंतर सोसायटीची सभा झाली. ती गच्चीखालच्या खोलीत भरते, जिथे खुर्च्या कमी आणि मतं जास्त. अध्यक्षांनी सुरुवातच पोटावर हात ठेवून केली.

"मागच्या पट्ट्यात मेलेल्या काड्या उभ्या आहेत. आल्यागेल्याला वाटतं इथे माणसं राहतात की भुतं. शिवाय हा रोग माणसाला होतो की काय, याचा खुलासा अजून झालेला नाही."

"होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही भूल देता. जागेपणी काय होतं ते तुम्हाला काय ठाऊक?"

मुद्दा असा होता की अध्यक्षांनी नवी मोटार घेतली होती, लांबलचक, आणि ती रस्त्यावर उभी करताना त्यांचा जीव तुटायचा. पट्ट्यावर काँक्रीट ओतून पार्किंग करायचं हे त्यांच्या डोक्यात होतं. शेवटी ठरलं की बागेला एक हंगाम द्यायचा. त्यातही झाडं मेली तर काँक्रीट.

मी चोरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या सभेला कधी येत नसत, आज आल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मी उठलो आणि समजावलं. रोग पहिल्या तीन वाफ्यांच्या मातीत आहे. वांगं, मिरची, टोमॅटो ही सगळी एका कुळाची. त्यांनी पलीकडच्या तीन वाफ्यांत जायचं. कांदा, घेवडा आणि अध्यक्षांची सायकल यांनी अलीकडे यायचं. पिकांनी जागा बदलायच्या, बस. इतकं सोपं मी ऑफिसातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

"म्हणजे तुमचा रोगट वाफा मला?" बँकवाल्या ताई म्हणाल्या.

"ताई, कांद्याला तो रोग होतच नाही."

"मग तुम्हीच लावा कांदा."

खरं सांगतो, या बोलण्यात तथ्य होतं. मी सासूबाईंकडे वळलो. त्यांनी भर सभेत सांगून टाकलं, "मी नाही कांदा लावणार. कांदा काय, कुणीही लावतं."

बँकवाल्या ताईंचा चेहरा व्याजदर उतरल्यासारखा झाला.

"आणि दुसरं," सासूबाई पुढे म्हणाल्या, "दोन वर्षं चाळणीने चाळलेली माती मी हिला आयती देऊ? हिच्या त्या खडे भरलेल्या वाफ्यात जाऊ?"

"खडे?" बँकवाल्या ताई उभ्या राहिल्या. "शेणखत घातलंय मी त्यात! ते मी सोडून येऊ?"

"मीही पानं कुजवून घातलीत," पोस्टमास्तर म्हणाले. "स्वतः कुजवलीत."

सगळेच उभे राहिले. आपली माती कशी दुसऱ्याच्या मातीपेक्षा काळी आहे, हे ज्याला त्याला सांगायचं होतं. गाणाऱ्या बाई वरच्या पट्टीत गेल्या. तेव्हा अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी सुचलं.

"भांडता कशाला? जागा बदला, पण माती आपापली घेऊन जा."

आणि मग टाळ्या! कडकडून टाळ्या!

"अहो!" मी ओरडलो. "रोग मातीत आहे! मातीच नेली तर बदललं काय?"

"म्हणूनच तर," बँकवाल्या ताई म्हणाल्या. "तुमचा रोग तुमच्यासोबत न्या. आमच्याकडे कशाला ठेवता?"

मी सगळी पुस्तकं वाचली, सरकारी कचेरीत अपमान गिळला, एका साहेबाची मिरची मारली, आणि शेवटी तर्कशास्त्राच्या या डोंगराखाली सापडलो. ठराव मंजूर झाला. विरोधात एकटा मी. सासूबाईंनी बाजूने हात वर केला, आणि माझ्याकडे बघून दुसराही केला.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "तू तरी सांग तुझ्या आईला."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, जावयाला चार बादल्या उचलायचं जिवावर आलंय, म्हणून जिवाणू काढलाय."

झालं. यापुढे नाही म्हणणं म्हणजे आळशी ठरणं. रविवारी सकाळी मी बादली घेऊन खाली उतरलो. ज्याला सगळ्या इमारतीत एकट्याला रोग कुठे आहे हे ठाऊक होतं, तोच रोगाचा हमाल झाला.

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. सहाही वाफे हातभर खोल उकरले गेले. बादल्या, घमेली, पोस्टमास्तरांची जुनी टपालाची थैली, डॉक्टरांचं औषधांचं खोकं, जे मिळेल त्यात माती भरून माणसं एका अरुंद पायवाटेवरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. दोन भरलेल्या बादल्या समोरासमोर आल्या की कुणी बाजूला व्हायचं नाही. धक्के लागले, माती सांडली, सांडलेली ज्याने त्याने आपलीच म्हणून ओंजळीने उचलली. माझ्या डोळ्यांदेखत तिसऱ्या वाफ्याची माती चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात शिंपली जात होती. पेरणी म्हणतात ती ही, फक्त बियाण्याऐवजी जिवाणू.

वाफ्यांच्या मधल्या बांधाची माती कुणाची यावर पोस्टमास्तर आणि डॉक्टर यांचं वाजलं. डॉक्टर घरून वजनकाटा घेऊन आले, माणसं उभी राहतात तो. अर्धी अर्धी तोलून घ्यायची ठरली. पोस्टमास्तर म्हणाले, काटा खोटा आहे. डॉक्टर म्हणाले, माझी बायको रोज याच्यावर उभी राहते. "म्हणूनच तर," पोस्टमास्तर म्हणाले. मग मला बोलावणं आलं. "तुम्ही मीटर तपासता ना, हा तपासा." रोगाने भरलेली माती दोघांत समान वाटून देण्याचं काम माझ्या अधिकृत ज्ञानावर सोपवण्यात आलं. मी ते केलं. इमानदारीने केलं. वर पोस्टमास्तर म्हणाले, "शेवटचं ढेकूळ तिकडे जास्त गेलं."

"फावडी तरी धुवा!" मी विनवत होतो.

"पाणी वाया घालवू नका," असं खिडकीतून अध्यक्ष म्हणाले. त्यांची सायकल पहिल्या वाफ्यात हलवण्यात आली होती. तिच्याखालची माती मात्र त्यांनी मागितली नाही. आठही बाजूंनी विचार केला तर त्या दिवशी शहाण्यासारखा वागलेला तो एकटाच माणूस, तोही न कळत.

सासूबाई सगळ्यात शेवटी थांबल्या. नव्या जागेत ओतलेली आपली माती त्यांनी हाताने सपाट केली, कडा बोटांनी गोल केल्या, आणि म्हणाल्या, "आता बघा कसा येतो टोमॅटो." मी रिकामी बादली उचलली. माझी कंबर तर कधीच बोलायची बंद झाली होती.

टोमॅटो आला. मान्य करतो, आला. जोमाने आला, फुलला, शेंगदाण्याएवढी फळं धरली. सासूबाई दोन दोन वेळा खाली जायला लागल्या. मला जिन्यात गाठून म्हणायच्या, "काय हो, कुठे गेला तुमचा तो पाहुणा?" मी सुद्धा मनात म्हणायला लागलो की मी चुकलो असेन तर फार बरं होईल. इतक्या मनापासून मी स्वतःच्या पराभवाची वाट कधी पाहिली नव्हती.

आणि एका दुपारी पहिलं झाड मान टाकून उभं राहिलं. हिरवंगार.

मग वांगी, मग मिरच्या. कांदा आणि घेवडा मात्र आमच्या जुन्या जागेत, सांडलेल्या जिवाणूसकट, मजेत उभे. पोस्टमास्तर म्हणाले, "ते शेवटचं ढेकूळ." सासूबाई झारी खाली ठेवून निघाल्या. वर आल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. चहा नेला तर "ठेवा" म्हणाल्या. टीव्ही लावला, बंद केला, दोन्हीला काही म्हणाल्या नाहीत. मला त्यांच्या टोमण्यांची सवय होती. या गप्प बसण्याने मला धडकी भरली.

खाली अध्यक्ष फीत आणि खडू घेऊन आले. पट्ट्यावर त्यांनी मोटारी उभ्या करायच्या चौकोनांच्या रेषा मारल्या. एक रेषा सासूबाईंच्या वाफ्याच्या मधून गेली. सभा दुसऱ्या दिवशी होती.

संध्याकाळी मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. म्हटलं, गोड बोलणं आपल्याला जमत नाही, तर खरं बोलून बघू.

"आई, आता सगळ्याच वाफ्यांत रोग पसरलाय. आपण तो बादल्यांनी नेलाय. कुठेच टोमॅटो लावता येणार नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही. तीन-चार वर्षं."

भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "तोवर मी असेन का हो?"

"असाल," मी म्हणालो. "तुम्ही नसलात तर मला छळणार कोण?"

मग त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. वळल्या, पदराने डोळे पुसले, आणि एकदम खालच्या आवाजात, कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाल्या, "जावईबापू, कांदा जमेल का हो मला?"

दुसऱ्या दिवशी सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहणार तेवढ्यात सासूबाई उठल्या. थेट बँकवाल्या ताईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. या दोघी किती तरी महिन्यांनी समोरासमोर होत्या.

"कांद्याची रोपं देशील का गं थोडी?"

बँकवाल्या ताईंनी एकदा मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कुणी आहे का. "मला म्हणताय, मावशी?"

"तुलाच. आणि माती राहू दे जिथे आहे तिथे. तुझ्या वाफ्यात माझी, माझ्यात तुझी, आता कोण निवडत बसणार? मी सोडली. पण पाणी किती घालायचं तेवढं दाखव. मला कांद्यातलं काही कळत नाही."

हे शेवटचं वाक्य उच्चारायला त्यांना काय लागलं असेल ते मी सांगू शकतो. मी आयुष्यभर ऑफिसात हे वाक्य बोलायचं टाळत आलोय.

"देते की," बँकवाल्या ताई म्हणाल्या. त्यांचा आवाजच बदलला. "घेवडा पण लावा मध्ये. आणि मावशी... लक्षबिक्ष काही नसतं हो. कांद्याला काही होतच नाही."

"फार छान," अध्यक्ष म्हणाले, "पण उशीर झालाय. ठरल्याप्रमाणे झाडं मेली. आता पार्किंगचा ठराव." आणि त्यांनी आराखडा उलगडला. पट्ट्यात चार मोटारी मावत होत्या. इमारतीत मोटारी सात.

"पहिली जागा, सावलीतली, माझी," अध्यक्ष म्हणाले. "ओघानेच."

"ओघानेच कशी?" डॉक्टर म्हणाले. "मला अर्ध्या रात्री ऑपरेशनला पळावं लागतं. सावलीतली माझी."

"अर्ध्या रात्री सावली कशाला लागते तुम्हाला?" गाणाऱ्या बाईंनी विचारलं. "माझी गाडी उन्हात पोळते. शिवाय त्या जागेत पूर्वी माझा वाफा होता."

"आत्ताचा वाफा म्हणाल तर तिथे माझी वांगी आहेत," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांच्याकडे मोटारच नव्हती. "तेव्हा ती जागा माझी. मी भाड्याने देईन."

"आणि गटाराजवळची चौथी कुणाला?" कुणीतरी विचारलं, आणि एकदम सगळ्यांना दुसऱ्याचं नाव सुचलं.

मी सगळं ऐकत होतो. आणि मला, वीजमीटर तपासणाऱ्या माणसाला, तुंबलेली नळी स्वच्छ दिसायला लागली. मी उभा राहिलो. अगदी नम्रपणे म्हणालो, "भांडता कशाला? मोटारींची फेरपालट करा. दर महिन्याला प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं. सावलीतल्याने गटाराजवळ, गटाराजवळच्याने रस्त्यावर, रस्त्यावरच्याने सावलीत. कुणावर अन्याय नाही."

"माझी जागा मी का सोडू?" अध्यक्ष कडाडले.

"माझी पण नाही सोडणार," डॉक्टर म्हणाले.

सिमेंटचं एक पोतंही आलेलं नव्हतं. जागा म्हणजे जमिनीवर ओढलेल्या खडूच्या रेषा होत्या. पण त्या आता 'माझ्या' झाल्या होत्या. लोक आता ओरडत होते, खुर्च्या सरकवत होते, एकमेकांच्या मोटारींच्या लांबीवर आणि चारित्र्यावर बोलत होते. कुणीतरी अजून न बांधलेल्या पार्किंगला कुलूप लावायची भाषा केली. सासूबाई खाली मान घालून कांद्याच्या रोपांबद्दल बँकवाल्या ताईंच्या कानाशी लागल्या होत्या.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पुढच्या सभेत पुन्हा झाला. तो अजून तहकूबच आहे, कारण सावलीतली जागा कुणीही सोडायला तयार नाही आणि दुसऱ्याला मिळू द्यायलाही तयार नाही. ज्या खोडीने आमचे टोमॅटो मारले, तिनेच काँक्रीटही मारलं. तिच्यावर मात्र कुठल्याच खात्याने अजून उपाय काढलेला नाही. निघाला की मी पहिला अर्ज करीन, आणि शून्य कितीही लागले तरी भरीन.

आता सहाही वाफ्यांत कांदा, घेवडा, कोबी आणि मका आहे. टोमॅटो, वांगं, मिरची सगळ्यांनी सोडली. डॉक्टरांनी सोडताना थोडं अश्रू ढाळल्यासारखं केलं, पण ते कांद्यामुळे असावं. मका अध्यक्षांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेलाय, त्यांना आता आपली मोटार दिसत नाही. गाणाऱ्या बाईंच्या घेवड्याचे वेल गंजलेल्या सायकलवर चढले आणि तिला फुलं आली. म्हणजे अखेर ती उगवली. फावडी आम्ही धुतो, अगदी धुतो. सासूबाई रोज खाली जातात, गुडघ्यांच्या नावाने शंख करत जातात, आणि बँकवाल्या ताईंना कांद्यावर असे सल्ले देतात की जणू कांद्याचा शोध यांनीच लावलाय.

परवा त्या वाफ्याच्या कडेला बसून मातीचा मूठभर गोळा हातात चोळत होत्या. डोळे मिटून वास घेतला.

"जावईबापू."

"काय, आई?"

"तीन-चार वर्षांनी टोमॅटो लावायचा तो पलीकडच्या वाफ्यात, म्हणालात ना?"

"हो. फेरपालट म्हणजे दरवेळी नवी जागा."

"लावू की. मी कुठे नाही म्हणते?" त्यांनी गोळा परत वाफ्यात ठेवला, कडा बोटांनी गोल केल्या. "पण ही माती आता काय सुरेख झालीये हो. हिच्याच दोन-चार बादल्या पलीकडे नेल्या तर..."

मी वर आलो. ऑफिसातून ड्रिल आणलेलंच होतं. घरातल्या एकूण एक बादल्यांना मी त्याच दुपारी भोकं पाडली.

बायको तेव्हापासून विचारतेय की न्हाणीघरातली बादली भरता भरता रिकामी कशी होते.

मी म्हणालो, "पाणी कमी पडलं असेल."